एका काडीच्या रेंजवर चाळीस जीबी

फाईल ९९ टक्क्यांवर अडकली की माणसाचा खरा धर्म उघडा पडतो. एरवी सत्यनारायणाच्या प्रसादाला ‘गोड कमी केलंय’ म्हणून टाळणारा इंजिनिअर त्या घटकेला लॅपटॉपच्या आसपास कुणाला चपला घालून येऊ देत नाही. माउसला हात लावायचा नाही, झाकण हलवायचं नाही, हॉटस्पॉटचा फोन खिडकीत उभा ठेवलाय तो आडवा करायचा नाही. एवढ्यात कुणी शेजारी यूट्यूब लावलं, तर त्याच्याशी पुढचे दोन दिवस बोलणं बंद.

खरं तर ९९ टक्के हा आकडाच लबाड. ४० जीबीच्या फाईलचा उरलेला एक टक्का म्हणजे ४०० एमबी. डोंगरातल्या साइटवर तेवढं जायला जेवण होतं, वामकुक्षी होते, मधे एकदा लाईटही जाऊन येते. पडद्यावर उरलेला वेळ दाखवणारी जी ओळ असते तिचंही तसंच. ‘तीन तास बाकी’, ‘अकरा मिनिटं बाकी’, ‘दोन दिवस बाकी’ असं ती पाच मिनिटांत सांगून मोकळी होते. ती बिचारी खोटं बोलत नाही. आत्ता जो वेग दिसतो त्याने उरलेल्या मालाला भागायचं, एवढंच तिला येतं. वेग घटकेत आहे आणि घटकेत नाही, याला ती काय करणार?

बोगद्याचं काम चालू असलेली घाटातली कुठलीही साइट घ्या. ड्रोन दिवसभर घिरट्या घालून डोंगराचे फोटो काढतो आणि संध्याकाळी ४० जीबीचं गाठोडं पुढ्यात टाकतो. ते हेड ऑफिसला पोचवायचं. हेड ऑफिस पुण्यात, बाणेरला, सहाव्या मजल्यावर. तिथे फायबर आहे, एसी आहे, कॉफीचं मशीन आहे. साइटवर पत्र्याची केबिन आहे आणि पाण्याच्या टाकीशेजारी एक जागा आहे, जिथे रेंजच्या दोन काड्या येतात. बाकी सगळीकडे एक. टाकीशेजारच्या त्या जागेला साइटवर मोठा मान. घरी फोन करायचा तर तिथे, ठेकेदाराशी भांडायचं तर तिथे, आणि चाळीस जीबी पाठवायचे तेही तिथेच.

हेड ऑफिसमधून फोन येतो.

‘पाठवली का रे?’

‘लावलीय, साहेब.’

‘कधीची?’

‘सकाळपासून.’

‘अरे, मग व्हॉट्सॲपवर टाक ना! माझ्या नातवाचे व्हिडिओ बघ, क्षणात येतात.’

नातवाचे व्हिडिओ क्षणात येतात, कारण निघण्यापूर्वीच ते आवळून चपटे केलेले असतात. नातू चपटा झाला तरी गोडच दिसतो. डोंगराचा फोटो तसा आवळला, तर खडकातली बारीक भेग गायब होते, आणि ती भेग बघण्यासाठीच तर एवढा ड्रोन उडवला. ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाकली तर फाईल जशीच्या तशी जाते, पण २ जीबीच्या आत असेल तरच. राहिला ईमेल. जीमेलची मर्यादा २५ एमबी, आणि तीही पूर्ण वापरता येत नाही, कारण मूळ ईमेल फक्त साध्या अक्षरांसाठी बनवलेला. त्यात फाईल घालायची तर तिचं अक्षरांत रूपांतर करावं लागतं आणि त्यात ती एक-तृतीयांश जाड होते. तरीही हट्टाने तुकडे पाडायचे म्हटलं, तर दोन हजारांच्या वर ईमेल होतील. त्यातल्या पहिल्याच ईमेलला कुणीतरी ‘रिप्लाय ऑल’ करून ‘नोटेड’ लिहील, ते वेगळं.

आता हिशेब मांडू. दर सेकंदाला १० मेगाबिट वर चढवणारं नेट अखंड मिळालं, तर ४० जीबीला सुमारे नऊ तास लागतात. त्यातला ‘अखंड’ हा भाग डोंगराला मान्य नसतो. शिवाय जाहिरातीतला मोठा आकडा असतो तो उतरवून घेण्याच्या वेगाचा. चढवण्याचा आकडा खाली बारीक अक्षरांत, तारांकित. आपल्याकडचा माणूस नेटवर काही बघायलाच येणार, द्यायला कशाला येईल, असा मोबाईल नेटवर्कचा जुना समज आहे. आणि साइटवाल्याचं काम नेमकं देण्याचं.

त्यातून नेट चांगलं मिळालंच, तर जेसीबी आहे. महाराष्ट्रात जमिनीखालून जाणाऱ्या कुठल्याही केबलचा मृत्यू जेसीबीच्या हातून लिहिलेला असतो. रस्ता रुंद करणारा वेगळा, पाण्याची लाईन टाकणारा वेगळा, गटाराचा वेगळा, आणि तिघांकडेही नकाशा नसतो. जेसीबीतून वाचलात तर पाऊस. पावसातून वाचलात तर हेड ऑफिसचा वॉचमन. हा सज्जन माणूस रात्री दहाला राउंड मारतो आणि ‘उगाच लाईट जळतेय’ म्हणून लुकलुकणाऱ्या डब्याचं बटण बंद करतो. लुकलुकणारा डबा म्हणजे राउटर. वीज वाचवण्याचा हा संस्कार त्याला आईने दिलेला असल्यामुळे त्याला रागावताही येत नाही.

एवढी संकटं दिसत असताना फाईल शेवटी पोचते, हे आश्चर्य आहे आणि त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. इंटरनेटवर फाईल अखंड जातच नाही. तिचे साधारण दीड-दीड हजार बाइट्सचे तुकडे होतात. म्हणजे आपल्या ४० जीबीचे पावणेतीन कोटी. तुकडे पोचल्याची पोच उलट येत राहते, आणि जो पोचला नाही तो पुन्हा पाठवला जातो. हे सगळं सांभाळणाऱ्या नियमांचं नाव टीसीपी. स्वभावाने अतिशय सभ्य. मधे एखादा तुकडा हरवला की त्याला वाटतं, पुढे गर्दी झाली, आपणच थोडं मागे सरावं. आणि वेग झटकन खाली आणतो. एवढा सभ्यपणा अंगी यायला कारणही तसंच घडलं होतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीची प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर किती? ४०० यार्ड. चालत जाऊन सांगितलं असतं तरी लवकर झालं असतं. प्रत्येकजण हरवलेला तुकडा पुन्हापुन्हा दामटत होता आणि त्यानेच वाट तुंबत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधला आणि १९८८ साली मांडला: अडलं की दमानं घ्या.

घाटात हाच सभ्यपणा नडतो. तिथे तुकडा गर्दीत हरवत नाही. टॉवर आणि टाकी यांच्यामध्ये डंपर येऊन उभा राहतो, म्हणून हरवतो. टीसीपीला डंपर माहीत नाही. तो गर्दीच्या शंकेने वेग उतरवतो आणि डंपर गेल्यावरही बराच वेळ संकोचून चालतो. म्हणून जाणकार मंडळी एकाऐवजी चार-आठ धारा समांतर सोडतात. एक संकोचली तरी बाकीच्या चालू राहतात.

दुसऱ्या टोकाला फाईल सोपवण्याची पहिली रीतसर पद्धत एका भारतीयाने लिहिली, हे सांगितलं की हेड ऑफिसमध्ये अभिमानाची लाट येते. कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण एमआयटीत शिकत असताना एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी एफटीपीचा मसुदा लिहिला. तेव्हा नेटवर असलेली माणसं एकमेकांना ओळखत होती, त्यामुळे कुलूपकिल्लीचा विचार कुणी केला नाही. एफटीपीमध्ये पासवर्डसुद्धा पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जातो. वाटेतल्या कुणीही वाचावा. पुढे १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी खरंच नेटवर दबा धरून पासवर्ड वेचले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच तयार केलं. आज एसएफटीपी म्हणतात ते त्याच घराण्यातलं. त्यात पासवर्डही झाकलेला आणि मालही झाकलेला. पण एकाच अक्षराचा फरक असल्यामुळे ‘आम्ही एफटीपीच वापरतो, सेफ आहे’ असं छातीठोकपणे सांगणारे साहेब अजून भेटतात.

आता मुख्य दुखणं. नऊ तासांपैकी आठ झाले आणि नेट गेलं. पुढे काय? इथे दोन प्रकारची माणसं दिसतात. पहिला सुस्कारा टाकतो आणि फाईल पहिल्यापासून लावतो. दुसऱ्याला आरसिंक माहीत असतं. हा प्रोग्रॅम १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आणला. त्याची खुबी अशी, की तो दोन्ही टोकांना आधी विचारून घेतो, तुमच्याकडे काय आहे, यांच्याकडे काय आहे, आणि फक्त फरक पाठवतो. कालच्या फाईलमध्ये आज दोन एमबीची भर पडली असेल, तर साधारण तेवढाच माल निघतो. नवराबायकोच्या भांडणात ही सोय असती तर दर वेळी लग्नाच्या याद्यांपासून सुरुवात झाली नसती. मात्र आरसिंकला ‘पार्शल’ हा पर्याय देऊन ठेवावा लागतो. तो दिला नाही आणि मधे कनेक्शन तुटलं, तर अर्धवट आलेली फाईल तो स्वतःच साफ करतो. त्याला स्वच्छतेची आवड आहे.

फाईल आली, म्हणजे बरोबर आली का? हे बघायला चेकसम असतो. ४० जीबीची फाईल असो की चार ओळींची चिठ्ठी, एसएचए-२५६ तिला रगडून ६४ अक्षरांचा एक ठसा काढतं. फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा ओळखू येऊ नये इतका बदलतो. दोन्हीकडचे ठसे जुळले की झालं. जुळवायचे कसे, तर फोनवरून, कारण नेट तोपर्यंत पुन्हा गेलेलं असतं.

‘लिहून घ्या साहेब. सी फॉर चिपळूण, चार, नऊ, बी फॉर बारामती, एफ फॉर फलटण...’

‘फलटण पीने सुरू होतं.’

‘यात पी नसतोच साहेब. आकडे आणि ए ते एफ, एवढंच.’

‘मग फलटण कशाला म्हणतोस?’

‘बरं, एफ फॉर फाईल.’

‘कुठली फाईल?’

इथवर आल्यावर बहुतेक जण पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून ‘जुळलं’ म्हणतात. अपघाताने झालेली मोडतोड तेवढ्यानेही बहुधा उघडी पडते. मुद्दाम केलेली लबाडी पडेलच असं नाही. पूर्ण ६४ अक्षरं मशीनकडूनच ताडून घ्यावीत. मशीन फलटणवर अडत नाही.

या सगळ्यावर महाराष्ट्राचं स्वतःचं उत्तर एकच: ‘ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे देतो. पहाटे स्वारगेटला उतरवून घ्या.’ हसू नका. १ टेराबाइटची हार्ड डिस्क आठ तासांत पुण्याला पोचली, तर वेग पडतो सेकंदाला सुमारे २८० मेगाबिट. तेवढाच माल १० मेगाबिटच्या नेटवरून चढवायला सव्वानऊ दिवस लागतील. वाटेत बस चहाला थांबते ती वेळही या हिशेबात धरलेली आहे. सप्टेंबर २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीने संथ नेटला वैतागून विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं कार्ड बांधलं आणि डरबनजवळच्या दुसऱ्या कचेरीकडे सोडलं. कबुतर एक तास आठ मिनिटांत पोचलं. कार्डावरचा माल संगणकात उतरवून घेईपर्यंत दोन तासांच्या वर गेले. तेवढ्या वेळात नेटवरून गेला होता ४ टक्के.

फार कशाला, १० एप्रिल २०१९ला जगाने कृष्णविवराचं पहिलं चित्र पाहिलं, तेही नेटवरून जमवलेलं नाही. एप्रिल २०१७ मध्ये जगभरच्या दुर्बिणींनी टिपलेला काही पेटाबाइट मजकूर हार्ड डिस्कांत भरून विमानांनी अमेरिकेत आणि जर्मनीत नेला. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्का तर तिथला हिवाळा संपून विमान उतरेपर्यंत अडकल्या आणि डिसेंबरात पोचल्या. खगोलशास्त्रज्ञांनाही ‘डिस्क मिळाली का?’ म्हणून आठ महिने वाट बघावी लागते, हे ऐकल्यावर टाकीशेजारच्या इंजिनिअरला बराच धीर येतो.

डिस्क पाठवण्यातही गंमती आहेत. ६४ जीबीच्या नव्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर ६ जीबीची फाईल टाकायला जावं, तर तो म्हणतो, मावत नाही. ड्राइव्ह रिकामा असतो, फाईल समोर असते, तरी नाही. कारण त्यावर फॅट-३२ ही जुनी मांडणी असते आणि तिला एका वेळी ४ जीबीपेक्षा मोठी फाईल ठेवायला परवानगी नाही. एक्सफॅटने फॉरमॅट केला की सुटतं. हे माहीत नसलेली मंडळी दुकानात जाऊन १२८ जीबीचा आणतात आणि दुकानदार त्यांना नमस्कार करतो.

खरी भीती मात्र वेगळी. डिस्क हरवली तर? ऑक्टोबर २००७ मध्ये ब्रिटनच्या करखात्याने बालभत्त्याच्या याद्या दोन सीडींवर भरून लेखापरीक्षकांकडे साध्या टपालाने, नोंद न करता पाठवल्या. नावं, पत्ते, बँक खाती, सुमारे अडीच कोटी माणसांची. सीडींना पासवर्ड होता, पण आतला मजकूर कूटबद्ध केलेला नव्हता. पाकीट पोचलं नाही. मग काय केलं? त्याच याद्या पुन्हा सीडींवर भरल्या आणि या खेपेला नोंदणीकृत टपालाने पाठवल्या. त्या पोचल्या. पहिल्या दोन कधीच सापडल्या नाहीत, खात्याच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं, आणि अर्थमंत्र्यांना संसदेत उभं राहून देशाला सांगावं लागलं. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरने निदान ‘डिस्क सीटखाली राहिली’ असं फोन करून कळवलं असतं.

म्हणून कुलूप लावूनच माल काढायचा. सेव्हन-झिपसारखा फुकट प्रोग्रॅम एईएस-२५६चं भक्कम कुलूप लावतो आणि हव्या त्या मापाचे तुकडेही पाडून देतो. कुलूप उत्तम. किल्लीचं काय करतात बघा. फाईल ईमेलने जाते आणि खालीच लिहिलेलं असतं: ‘पासवर्ड फॉर युवर रेफरन्स’. जरा काळजी घेणारे पासवर्ड दुसऱ्या ईमेलने पाठवतात, त्याच पत्त्यावर, दोन मिनिटांनी. पहिला ईमेल वाचणाऱ्या चोराने दुसरा उघडू नये, अशी त्यामागची श्रद्धा. जपानच्या कचेऱ्यांत तर ही रीतच पडली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथले डिजिटल सुधारणा मंत्री हिराई ताकुया यांना ती सरकारी कचेऱ्यांतून बंद करत असल्याचं जाहीर करावं लागलं. आपल्याकडे ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. सहज हाती लागलेल्याला अडवायला ठीक. पण ज्यांनी तुमच्या वाढदिवसाला फॅमिली ग्रुपवर फुगे पाठवले, त्या सर्वांना तो तोंडपाठ आहे. कंपन्यांचा पासवर्ड तर विचारायलाच नको. कंपनीचं नाव, मग ॲट, मग एक-दोन-तीन. तो दर तीन महिन्यांनी बदलायचा नियम असतो, म्हणून मग एक-दोन-तीन-चार.

किल्ली सांभाळायची कशी, हे सिनेमावाल्यांकडून शिकावं. पूर्वी थिएटरात रिळांचे डबे यायचे. आता डिजिटल सिनेमा बहुतेक वेळा हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून येतो, शे-दोनशे जीबीचा, कूटबद्ध केलेला. डिस्क वाटेत कुणी पळवली तरी त्याला काही दिसत नाही. किल्ली वेगळी येते, ठरावीक थिएटरच्या ठरावीक यंत्रासाठी, ठरावीक तारखांपुरती. शुक्रवार सकाळच्या आधी लावलं तर पडदा काळाच, आणि मुदत संपली की पुन्हा काळा. शेजारच्या स्क्रीनवर नेलं तरी उघडत नाही. सिनेमा पडेल असो की सुपरहिट, कुलूप सारखंच.

तेव्हा साइटवाल्यांनो, फाईलला आधी कुलूप लावा, तुकडे पाडा, तुटलं तिथून पुढे चालू करणारं साधन वापरा, आणि फारच मोठी असेल तर लाज न बाळगता बसने पाठवा. पासवर्ड फोनवर सांगा, ईमेलमध्ये नको. ठसा जुळल्याचं समोरून कळेपर्यंत मूळ फाईल पुसू नका. ‘जागा होत नव्हती’ हे कारण पुढे कुणी ऐकून घेत नाही.

आणि हेड ऑफिसवाल्यांनो, तुमच्याकडून मागणं एवढंच आहे: फाईल आली की उलट कळवा. आठ-दहा तास टाकीशेजारी उभं राहून ४० जीबी पाठवणाऱ्याला तुमच्याकडून एकच शब्द हवा असतो, ‘मिळाली’. तो संगणकाच्या हिशेबात १८ बाइट्सचा आहे. एका काडीच्या रेंजवरही जातो.